पडवीतलं गॅरेज : गोव्यातल्या मोटरसायकलवाल्यांचे अनुभव

गोव्यात बहुतेक घरांत एक तरी दुचाकी असते आणि बऱ्याच घरांच्या पडवीत पान्यांचा एक डबाही असतो. त्या डब्याबद्दल हा धागा आहे. स्वतःची मोटरसायकल घरी उघडणारे, जोडणारे, वर्षानुवर्षं चालती ठेवणारे जे कोणी आहेत त्यांनी इथे लिहावं. गाडी जुनी बुलेट असो, येझदी असो, नाहीतर कालपरवा घेतलेली एबीएसवाली. काय बिघडलं, कसं ओळखलं, कशाने सुटलं, सामान कुठून आणलं, सगळं सविस्तर येऊ द्या. नुसते चकाचक फोटो नकोत.

कारण सांगतो. आमच्या भागातले जुने फिटर एकेक करून थकले. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ढिले आहेत की बुश गेलंय हे सांगणारी ही माणसं. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही आणि त्यांची मुलं वेगळ्या धंद्यांत गेली. त्यांच्या शेजारी उकिडवं बसून, बॅटरीचा उजेड धरून आपण जे शिकलो ते मराठीत कुठेतरी नोंदलेलं असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिवाय कंपनीच्या पुस्तकात आपला पाऊस नसतो. जून ते सप्टेंबर 3000 मिलिमीटरच्या आसपास पाणी, किनाऱ्याला वर्षभर खारी हवा, आणि डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला खाणींची लाल धूळ. इथली गाडी इथल्या रीतीनेच सांभाळावी लागते.

सुरुवात मी करतो.

डिचोली, बुलेट 350

वडिलांची गाडी. जुनं कास्ट आयर्नचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90 मिमी, 346 सीसी. बुलेटचा तो संथ ठोका या लांब स्ट्रोकमुळेच येतो. 1950च्या दशकात लष्कराच्या मागणीवरून मद्रासला या गाड्या बनू लागल्या आणि इंजिनाची मूळ रचना पुढे अनेक दशकं फारशी बदलली नाही. म्हणून एका जमान्यातल्या गाडीचं सामान दुसऱ्या जमान्यातल्या गाडीला पुष्कळदा बसतं. घरी काम करणाऱ्याला याच्याइतकी सोयीची गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे.

बुलेट सुरू होत नाही म्हणून लोक किकवर उभे राहून घामाघूम होतात. ते ताकदीचं काम नव्हे. चावी लावून किक हळूहळू दाबायची, अँमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी खटकी) ओढून किक थोडी पुढे सरकवायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब, पूर्ण किक. एवढं करूनही दाद देत नसेल तर पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे संपर्क, बघायचे.

पॉइंट पूर्ण उघडल्यावर मधलं अंतर 0.35 ते 0.40 मिमी हवं. फीलर गेज दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, ते घ्याच. टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) बघताना प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवायचा, हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. सायकलचा स्पोक आत सोडून पिस्टन कुठे आहे ते बघायचं. पिस्टन अगदी वर पोचण्याच्या 0.8 मिमी आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. ते उघडायला लागले हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आमचे फिटर सिगरेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद पॉइंटमध्ये धरायचे. एका हाताने कागद अलगद ओढत राहायचा, दुसऱ्या हाताने इंजिन फिरवायचं. कागद ज्या क्षणी सैल सुटतो तो क्षण. बोटांना तो इतका स्वच्छ कळतो की नंतर दुसरी पद्धत वापरावीशी वाटत नाही.

धुळीचं एकच सांगतो. खाणींचे ट्रक रस्त्यावर असतील त्या मोसमात एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीची वाट न बघता साफ करा. ही लाल भुकटी आत गेली की पिस्टन रिंगांना पॉलिश पेपर लावल्यागत होतं.

फोंडा, येझदी रोडकिंग

डिचोलीकरांनी बुलेटला सोयीची म्हटलं, त्याला माझा प्रेमाने विरोध. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961पासून जावा आणि 1973पासून येझदी नावाने गाड्या निघत होत्या, 1996ला कारखाना बंद झाला. तरी आज आमच्या गाड्या धावतात, कारण बनवणाऱ्यांनी त्या उघडता येतील अशाच बनवल्या. एकच दांडा गिअरचाही आणि किकचाही. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो.

यात सगळ्यात महत्त्वाचे क्रँकचे ऑइल सील. हे नीट समजलं की अर्धी येझदी समजली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं, म्हणजे ती पेटी हवाबंद असलीच पाहिजे. डावीकडे क्लचची बाजू. तिकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढतं. मागे पांढऱ्या धुराचा लोट, थांबतच नाही, आणि गिअर ऑइल मात्र कुठेही न सांडता कमी झालेलं. उजवीकडे डायनामो. तिकडचं सील गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), थ्रॉटल सोडला तरी इंजिन चढंच राहतं आणि जास्त तापतं. दुसरा प्रकार धोक्याचा, कारण त्यात पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. धूर दिसला तर डावीकडे, चढे आवाज आले तर उजवीकडे बघायचं. कार्बोरेटरला दोष देऊन जेट बदलत बसलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत.

सायलेन्सरच्या आतल्या नळ्या अधूनमधून काढून कार्बन खरवडायचा. गाडी ओढत नाही म्हणून इंजिन उघडण्याआधी हे करून बघा. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाल्यांचा जगभर साजरा होणारा दिवस. आपल्याकडे तो नेमका मुसळधार पावसात येतो, तरी आम्ही गाड्या बाहेर काढतोच.

पेडणे, यामाहा आरएक्स 100

थोडक्यात लिहितो. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, 1985 ते 1996. या गाडीची आज जी किंमत मागतात ती ऐकून वाईट वाटतं, कारण गाडी चालवणाऱ्याच्या हातून निघून नुसत्या जमवणाऱ्याकडे जाते.

माझा मुद्दा ऑइल पंपाचा. "पंप काढून टाक, पेट्रोलमध्येच ऑइल घाल" असा सल्ला सगळे देतात. ऐकू नका. थ्रॉटल जितका ओढाल तितकं ऑइल पंप देतो, हातांनी मिसळून ते प्रमाण कधीच साधत नाही. पंप सहसा बिघडत नाही, त्याच्या नळीत हवा अडकते. ऑइलची टाकी कधी रिकामी झाली असेल तर पंपावरचा छोटा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, आणि तेवढ्या वेळापुरतं पेट्रोलमध्ये थोडं ऑइल घालून ठेवा. केबल बदलल्यावर पंपाची पुली खुणेवर येते का तेही बघा.

रायबंदर, वडिलांची हीरो होंडा सीडी 100

माझे वडील पायलट होते, म्हणजे मोटरसायकलवर मागे बसवून भाडं नेणारे. गाडी हेच पोट, त्यामुळे ती बंद पडून चालायचं नाही. त्यांच्या काही सवयी मी आजही पाळते.

क्लच आणि थ्रॉटलच्या केबली ते जोडीने टाकायचे. चालू केबलच्या शेजारून दुसरी नवी केबल बांधून ठेवलेली, दोन्ही टोकं ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. वाटेत तुटली की भाडं तिथेच थांबवून दोन मिनिटांत टोकं बदलायची. चोडणच्या फेरीबोटीवरून आले की पहिलं काम चाकं आणि चेन गोड्या पाण्याने धुणं, कारण धक्क्यावरचं पाणी खारं. चवथीआधी दोन्ही ड्रम उघडून ब्रेकच्या कॅमला बेताचं ग्रीस. पावसात तो कॅम गंजून अडकतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि लोक लायनर बदलून येतात. लायनरला ग्रीसचं बोट लागता कामा नये, म्हणून हे काम ते मला सांगायचे. माझी बोटं बारीक होती.

त्या गाडीचं हँडल पकडलं की उजव्या ग्रिपला त्यांच्या अंगठ्याची घासलेली जागा लागते. बाकी सगळं बदललं, ती ग्रिप बदललेली नाही.

वास्को, 160 सीसी, बीएस-6

एप्रिल 2020नंतरच्या, म्हणजे बीएस-6 प्रदूषण नियमांच्या गाड्या घरी करता येत नाहीत असं सरसकट म्हणतात. मी करते. हत्यारं बदलली एवढंच. पान्यांच्या जोडीला मल्टिमीटर आणि एरर कोड वाचणारं छोटं स्कॅनर लागतं.

पावसाळ्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिसवाल्यांनी सेन्सर बदलायला सांगितला, खर्च चार आकडी. मी घरी आणून टाकी उचलली आणि वायरिंगचे कनेक्टर एकेक सोडवले. एकाच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढला होता. आम्ही समुद्राच्या अगदी जवळ राहतो, इथे हे व्हायचंच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मऊ ब्रशने पिना घासल्या, वाळू दिलं, बाहेरच्या रबराला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत जोडलं. कोड पुसला, दिवा परत आला नाही. तेव्हापासून दर मे महिन्यात सगळे कनेक्टर बघते.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दाखवत असेल तर चार्जिंग ठीक. एबीएसचा दिवा लागला तर आधी चाकाजवळच्या दातेरी चकतीतला चिखल काढा. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलाव्याला आपल्याकडे तोटा नाही.

कुडचडे

प्रश्न आहे. मामांची जुनी गाडी बरीच वर्षं मांगरात होती, टाकी आतून गंजलीय. टाकी बदलायची नाही. काय करू?

फोंडा (येझदीवाला)

आधी टाकीला भोक पडलेलं नाही ना ते बघा. पेट्रोलचा कॉक काढून तिथे बूच मारा, आत मूठभर बारीक नट टाकून टाकी चादरीत गुंडाळून हलवा, सुटा गंज निघून जाईल. मग साधं पांढरं व्हिनेगर गळ्यापर्यंत भरून दोन-तीन दिवस ठेवा. माडाचं चालेल, पण ते जेवणाला राहू द्या. ओतून टाकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून धुवा, नाहीतर उरलेलं आम्ल लोखंड खात राहतं. लगेच उन्हात पूर्ण सुकवा आणि आतून टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल फिरवा. ओली टाकी तासभर ठेवलीत तर गंज परत धरतो. काम ऑक्टोबरनंतर करा. आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते पाणी ओढून घेतं, तेव्हा उभी राहणारी गाडी कार्बोरेटर रिकामा करूनच ठेवा. जुन्या रबरी नळ्याही बदला, इथेनॉलने त्या फुगतात.

साखळी

गाडी हाती घेण्याआधी कागद बघा, एवढं सांगायला आलो. जुन्या गोवा, दमण, दीवच्या काळातले जीडीने सुरू होणारे नंबर अजून दिसतात आणि आकर्षक वाटतात. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासा, उमटलेले आकडे आरसीशी ताडून बघा. आकडा जुळला नाही, किंवा त्या जागी घासल्याची खूण दिसली तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. खाजगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021च्या केंद्रीय नियमांनी व्हीए अक्षरांची वेगळी मालिका आणली. नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रोज चालवायची असेल तर तो रस्ता धरू नका.

केपे, बीएसए बी31

आजोबांनी पोर्तुगीज काळात घेतलेली, 348 सीसी. ती पुन्हा चालती करायचं मनावर घेतलं तेव्हा पहिली अडचण पान्यांची आली. इंग्लंडच्या त्या काळातल्या नटांचं माप मिलिमीटरमध्ये नाही. एका नटाला 11चा पाना शिरत नाही आणि 12चा सैल बसून कोपरे खातो. तेव्हा व्हिटवर्थ पान्यांचा संच मिळेपर्यंत नटाला हात लावायचा नाही असं ठरवलं. म्हणून आजही बहुतेक नट मूळचे आहेत.

दुसरी अडचण जास्त चिवट. गाडी थंड असताना सुरू व्हायची, चार-पाच मैलांवर बंद पडायची, निवली की परत सुरू. प्लग नवा, कार्बोरेटर स्वच्छ. दोष मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या) आतल्या कंडेन्सरचा होता, तापला की काम सोडायचा. तो बदलायला आर्मेचर पूर्ण बाहेर काढावं लागतं. नवा बसवला आणि गाडी मे महिन्याच्या दुपारीही एका किकमध्ये सुरू होऊ लागली. कनेक्टिंग रॉडचं वरचं बुश मिळेना, ते चोर्ला घाटातून बेळगावला नेऊन उद्यमबागेत लेथवर फॉस्फर ब्राँझचं करून घेतलं. त्या कारागिराने जुनं बुश हातात फिरवून बघितलं आणि तेल जायची खाच कुठे हवी ते मी सांगायच्या आधी त्यानेच दाखवलं.

रंग मी मुद्दाम दिला नाही. टाकीवर आजोबांच्या गुडघ्यांनी रंग गेलेल्या दोन जागा आहेत. गाडीला परत नवं करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या मेहनतीला माझा नमस्कार, पण ही गाडी आमच्या घरात झिजली आहे आणि ती झीज मला हवी आहे.

स्पीडोमीटर तेवढा अजून बंद आहे. स्मिथ्सचा, आतलं यंत्र घड्याळाच्या चक्रांचं. असली चक्रं उघडून बसवणारा जुना घड्याळजी मडगावात, पणजीत किंवा बेळगावात कोणाच्या माहितीत असेल तर इथे कळवा. बेळगाव असलं तरी मी गाडी चालवतच घेऊन जाईन.