विंगमन माझ्या शेपटीतून आरपार गेला आणि त्याला पत्ताच नाही! असं का होतं?

शेपूटराखण: काल रात्री आम्ही चौघं फ्लाइट सिम्युलेटर गेममध्ये स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) घेऊन ऑनलाइन उतरलो होतो. एक मेसरश्मिट (शत्रूचं जर्मन लढाऊ विमान) अगदी माझ्या तोफांसमोर आला. माझ्या नंबर दोनलाही, म्हणजे शेजारी उडून मला कव्हर देणाऱ्या विंगमनलाही, तोच हवा होता. त्याने वरून डाइव्ह मारली आणि त्याचा प्रोपेलर माझ्या शेपटीतून गेला. रडर, एलिव्हेटर, म्हणजे विमानाला दिशा देणारे शेपटीचे भाग, सगळं साफ. विमान गटांगळ्या खात खाली निघालं, तर हेडफोनमध्ये याचा आवाज : "अरे, कुठे निघालास? मी आहे ना कव्हरला!" त्याच्या विमानावर ओरखडाही नव्हता. आम्ही इतके हसलो की मेसरश्मिटकडे लक्ष द्यायला कुणी उरलंच नाही. पण मला खरंच समजून घ्यायचंय, टक्कर एकालाच कशी होते? आणि तुमचेही किस्से येऊ द्या.

ढगफोड्या: लॅग, म्हणजे इंटरनेटवरून माहिती पोचायला लागणारा उशीर. तुझा कॉम्प्युटर तुझं विमान नेमक्या जागी दाखवतो, पण मित्राचं विमान थोड्या जुन्या माहितीवरून अंदाजाने काढतो. सरळ उडताना अंदाज जुळतो, वळणात किंवा डाइव्हमध्ये फसतो. हिशोब कर : ताशी ५०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४० मीटर. सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर झाला की १४ मीटर गेले, आणि स्पिटफायरची लांबी ९ मीटरच्या आसपास! काही गेममध्ये प्रत्येकाची टक्कर त्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर ठरते. तुझ्या स्क्रीनवर तो तुला धडकला, त्याच्या स्क्रीनवर सुखरूप बाजूने गेला. दोन्ही खरं. म्हणून एकाने मारायचं, दुसऱ्याने वर थांबायचं, आणि कोण मारतोय ते आधी मोठ्याने सांगायचं.

तीन_नंबर: आमचं हवेत इंधन भरणं ऐका. गेममध्ये एक एफ-१८ (लढाऊ जेट) टँकरच्या, म्हणजे इंधन देणाऱ्या विमानाच्या, बास्केटला (इंधनाच्या पाइपच्या टोकाला) अखेर जोडला गेला. दुसरा टँकरच्या डाव्या पंखाशी रांगेत उभा, आणि त्याचं सगळं लक्ष पहिल्याला शाबासकी देण्यात. तेवढ्यात टँकरने डावीकडे वळण घेतलं. पंख याच्या कॅनपीवर, म्हणजे कॉकपिटच्या काचेवर! एआय टँकर आहे तो, गेमच उडवतो त्याला, तो कुणासाठी थांबत नाही.

जुनी_कॉकपिट: हे प्रत्यक्षातही झालंय. २९ सप्टेंबर १९४०, ऑस्ट्रेलियातलं ब्रॉकल्सबी. प्रशिक्षणाच्या उड्डाणात दोन एव्हरो अँसन विमानं एकमेकांवर बसून अडकली. वरच्याची इंजिनं बंद पडली, खालच्याची चालूच. बाकीच्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. वरच्या विमानातल्या लेनर्ड फुलरने आपली कंट्रोल्स आणि खालची इंजिनं यांवर ते जोडविमान शेतात उतरवलं. चौघंही वाचले. मला त्या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे.

शेपूटराखण: ढगफोड्या, आता डोक्यात शिरलं, नंबर दोनला हाच धागा पाठवतोय. आणि जुनी_कॉकपिट, काय जबरदस्त माणूस! अँसन उडवता येईल असा सिम्युलेटर कुणाला माहीत आहे का? जोडी करून उतरवायचा प्रयत्न करायचाय.