गंडिकोटासाठी १०-२० घ्यावी की किटलेन्सवरच भागवावं?

पंचगंगाकाठ: डिसेंबरात चौघं जण कोल्हापुरातून गाडीनं गंडिकोटाला निघतोय. आंध्रातला कडप्पा जिल्हा, एर्रमला डोंगरातून गेलेली पेन्ना नदीची घळ आणि काठावरचा किल्ला. बॉडी निकॉन डी५६००, लेन्स १८-५५ (कॅमेऱ्यासोबत आलेली किटलेन्स) आणि ३५ एफ/१.८. आकडे मिमीत, जितका लहान तितकं दृश्य रुंद. निकॉनचीच रुंद कोनाची लेन्स, एएफ-पी १०-२०, घ्यायचं मनात आहे. एक मित्र म्हणतो डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. मत द्या, पण कारणासकट.

रंकाळा_सांज: पैसे पाण्यात नाही, थेट दरीत. काठावर उभं राहून १० मिमी लावलंस की डोळ्याला अंगावर येणारा समोरचा कडा फ्रेममध्ये बोटभर पट्टी होऊन बसतो. वर रिकामं आकाश, खाली पायाजवळचा धोंडा, दरी कुठाय ते शोधत बसा. ३५ आहे की तुझ्याकडं! कॅमेरा उभा लाव, शेजारी शेजारी फ्रेम काढ आणि नंतर जोडून एक रुंद फोटो कर. उभ्या ३५ ला आडवा कोन साधारण २५ अंश मिळतो. दर फ्रेमला १६ अंश फिरवलंस तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकमेकांवर येतो आणि सहा फ्रेममध्ये १०५ अंश पुरे होतात. एम मोड (उजेडाचं सगळं हातानं ठरवायचं), छिद्र एफ/८, आयएसओ १००. फोकस लांबच्या कड्यावर करून मॅन्युअलला टाक, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची सेटिंग, तीही एकच ठेव. एक्स्पोजर सगळ्यात उजळ फ्रेमवर ठरव. ऑटोवर सोडलंस तर जोडताना आकाशात पट्टे दिसणारच.

तीन_दरवाजा: आडवे १०५ सांगितलेस भावा, उभे किती ते गाळलंस! फक्त ३७ अंश. काठावरून खालची नदी आणि वरचं आकाश दोन्ही ३७ मध्ये मावणार? मग दोन ओळी, बारा फ्रेम. सूर्य समोर असला की ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम) आलंच, म्हणजे छत्तीस. तेवढ्यात उजेड बदलतो, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचा रंग जुळत नाही. १० मिमीला एका क्लिकमध्ये ९९ बाय ७६ अंश.

आणि धोंड्याला नावं ठेवू नकोस. दरीची खोली दाखवायला जवळचं काहीतरी लागतंच. १० मिमी, एफ/८ ला हायपरफोकल अंतर सुमारे ६५ सेंमी, म्हणजे तिथं फोकस केलं की ३३ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं धारदार. ३५ ला तेच अंतर ७.७ मीटर. पावणेचार मीटरच्या आतला दगड मऊ, म्हणजे अस्पष्टच येणार.

रंकाळा_सांज: गणित बरोबर आहे, पण त्या लेन्सवर अंतराची पट्टीच नाही. ६५ सेंमी लावणार कशावर?

तीन_दरवाजा: पट्टी कशाला पाहिजे? तेवढ्या अंतरावरच्या दगडावर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) फोकस करायचं आणि कॅमेऱ्याच्या मेनूतून मॅन्युअलला टाकायचं, कारण लेन्सवर बटणही नाही. एकच लक्षात ठेव: कॅमेरा बंद करून परत चालू केला तर एएफ-पी लेन्सचं फोकस सरकू शकतं. पहाटे ट्रायपॉडवर असताना बॅटरी वाचवायला बंद करशील आणि सगळा रोल मऊ येईल.

तांबडा_पांढरा: लेन्स भाड्यानं बघतो म्हणणाऱ्यांसाठी. आपल्याकडं लग्नाची कामं करणाऱ्यांकडं बहुतेक फुलफ्रेमची (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची) १६-३५ असते. ती डी५६०० वर लावून १६ मिळणार, तुझ्या १८ पेक्षा जेमतेम रुंद. भाडं फुकट. त्यात डिसेंबर म्हणजे लग्नसराई, शनिवार-रविवारी कोण देतंय! टोकिना ११-१६ मिळाली तर दुसरी आवृत्तीच घे. निकॉनसाठीच्या पहिलीत फोकसची मोटर नाही आणि डी५६०० मध्येही नाही, म्हणून ऑटोफोकस चालणार नाही.

माळावरचा_पाऊस: दोघंही टोकाला गेलाय. १८-५५ ला १८ वर उभी लावा. एका फ्रेमचा कोन ४७ बाय ६६ अंश. ३० अंशांनी फिरवत तीन फ्रेम घेतल्या की १०७ बाय ६६. ब्रॅकेटिंगसह नऊच. १०-२० च्या जवळपास जातंय आणि खर्च शून्य.

तीन_दरवाजा: जवळ दगड नसेल तोवर. मीटरभरावरचा दगड फ्रेममध्ये घेऊन नुसत्या ट्रायपॉडच्या डोक्यावर फिरवलंस की जोडताना दगडाची कड तुटते, एकाचे दोन दिसतात. नोडल पट्टी लावून कॅमेरा मागं सरकवावा लागतो, म्हणजे तो लेन्समधल्या बिंदूभोवती फिरतो. ती विकत घेणार, मग शून्य खर्च कुठला?

रंकाळा_सांज: मग दगड घेऊ नका की! उलट ५५ वर जाऊन समोरच्या कड्याचे थर, भेगा, कोवळं ऊन पडलेली एखादी कपार काढा. तांबूस दगडाची मजा तिथंच आहे. लई रुंदीच्या नादात सगळ्यांचा एकच फोटो येतो.

१०-२० घेतलीसच तर पोलरायझर (चमक कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) ७२ मिमीचा लागेल, पण आकाश असताना लावू नकोस. तो सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जोरात चालतो, त्यामुळं एवढ्या रुंद फ्रेममध्ये आकाशाच्या मधोमध काळा डाग येतो. फ्लेअर (लेन्सवर थेट ऊन पडून येणारी चकाकी) अडवायला हातही धरता येत नाही, बोटं फ्रेममध्ये येतात. ग्रॅज्युएटेड (अर्धा गडद, अर्धा साफ) फिल्टर तर कड्यांच्या वेड्यावाकड्या रेषेवर निरुपयोगी.

तीन_दरवाजा: फिल्टरचं मान्य. तीन फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकानं, ट्रायपॉडवर व्हीआर, म्हणजे हादरा सावरणारी सोय, बंद. बास.

तांबडा_पांढरा: एक राहिलं. १० मिमीत कड्याची कड असते त्यापेक्षा लांब दिसते. काठाला सगळीकडं कठडा नाही. डोळा कॅमेऱ्यात असताना पाय हलवायचा नाही, फ्रेम लाइव्ह व्ह्यूवर लावायची. वारा असेल तर ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका.

माळावरचा_पाऊस: पंचगंगाकाठ, विकत घ्यायच्या आधी रविवारी सकाळी पन्हाळ्याला पुसाटी बुरुजावर जा. १८ वर एक साधी फ्रेम काढ, मग तीन उभ्या जोडून बघ. कमी पडलं तर १०-२० घे.

पंचगंगाकाठ: जातो. पण तिथं जवळचा दगड घेऊन काढू की टाळून? त्यावरच तर तुमचं भांडण चाललंय.

तीन_दरवाजा: घेऊन.

रंकाळा_सांज: टाळून.