अकरावा बार झालाच नाही, आता खाली कोण उतरणार? समुद्रातले सुरुंग, १२ जहाजं आणि मशिनी

गोदाकाठचा
विषय आपल्याकडचा नाही हे मान्य, आपण समुद्र सहलीला गेल्यावर बघणारी माणसं. पण सुरुंग आपल्याला कोकणातल्यापेक्षा जास्त कळतो. आमचे मामा विहिरी फोडायचं काम घ्यायचे, अंबाजोगाई-केज पट्ट्यात. ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर, खडकात दहा-अकरा भोकं, जिलेटीनच्या कांड्या, वात पेटवली की सगळे पळत लांब बाभळीखाली आणि तिथून बार मोजायचे. भोकं अकरा आणि बार दहाच झाले की सगळ्यांची तोंडं उतरायची, कारण आता कुणीतरी पन्नास फूट खाली जाऊन त्या अकराव्या भोकात डोकावून बघणार. मामा बिडीवर बिडी ओढत तासभर बसायचे आणि मग स्वतःच उतरायचे, गड्याला पाठवत नसत.

समुद्रातल्या माईनचं, म्हणजे पाण्यातल्या सुरुंगाचं, हेच आहे, फक्त ती मुद्दाम न फुटता बसलेली असते. आपल्या नौदलाकडची शेवटची माइनस्वीपर आयएनएस कोझिकोड एप्रिल २०१९ मधे निवृत्त झाली, तेव्हापासून माईन शोधायला खास बांधलेलं एकही जहाज आपल्याकडं नाही. गोवा शिपयार्डनं कोरियाच्या कांगनाम कंपनीबरोबर १२ जहाजं बांधायची असं किती वर्षं चाललं होतं, ते २०१८ ला गुंडाळलं. आता जुलै २०२५ मधे संरक्षण खात्याच्या परिषदेनं परत माइन-काउंटरमेझर, म्हणजे माईन शोधून काढणाऱ्या जहाजांना तत्त्वतः मान्यता दिली, पेपरात १२ जहाजं आणि ४४ हजार कोटी असा आकडा होता. मान्यता म्हणजे ऑर्डर नव्हे, आणि ऑर्डर म्हणजे जहाज नव्हे.

माझं म्हणणं एवढंच की जहाजाची वाट बघत बसू नका, मशिनी आत्ता घ्या. जर्मनीचं सीफॉक्स बघा, सव्वा मीटरची नळी, पुढं कॅमेरा आणि सोनार (आवाज सोडून पाण्यातली वस्तू शोधायचं यंत्र), पोटात दीड किलोच्या आसपासची दारू, मागं केसासारखी फायबरची तार. माणूस लांब बोटीत बसून स्क्रीनवर बघत तिला माईनजवळ नेतो, खात्री केली की दोघींचा एकदमच धुरळा. माणूस खाली जायची गरजच नाही. मग ४४ हजार कोटीची मोठी जहाजं कामून पाहिजेत?

कापूसकोंड्या
४४ हजार कोटी!! अरे २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे विसरले का सगळे. आमच्या गावात आजबी मार्च लागला की टँकर. आन इथं समुद्राच्या बुडाला काय पडलंय याची चर्चा करू लालेत. जहाज बी नको आन मशीन बी नको, आधी मराठवाड्याच्या पाण्याचं बघा मग समुद्राचं बघू.

बियाणेवाला
कापूसकोंड्या भाऊ, तुमच्या दुःखाला नाही म्हणत नाही, पण मी खताचं दुकान चालवतो म्हणून सांगतो. पोटॅश म्हणून जे पोतं तुम्ही नेता ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं, जहाजानं. डीएपीचंही बरंचसं तसंच. डिझेल ज्या कच्च्या तेलापासून होतं ते शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर आयात, ते पण समुद्रातूनच. उद्या न्हावाशेवाच्या तोंडाशी कुणी चार माईन टाकल्या, टाकल्या सुद्धा नाही नुसती अफवा उठली, तरी विमावाले जहाज आत येऊ देणार नाहीत. मग ऐन पेरणीत दुकानासमोर जी लाईन लागती ती बघायला तुम्हीच पहिले असता, मागच्या साली होताच की!

कापूसकोंड्या
लाईनीत होतो आन खत मिळालं नाही ते बी सांगा ना मग. 😀 बरं चालू द्या.

उदगीरचा खलाशी
नौदलात १५ वर्षं काढली, माईनवाल्या जहाजावर नव्हतो पण शेजारच्या धक्क्यावर ती उभी असायची. गोदाकाठचे म्हणतात तेवढं हे सोपं नाही.

आधी फरक समजून घ्या. माइनस्वीपिंग म्हणजे वखरणी आणि माइनहंटिंग म्हणजे खुरपणी. वखरणीत जहाज मागं तार ओढत जातं, तारेला कातऱ्या असतात, बुडाशी साखळीनं बांधून मधे तरंगत ठेवलेल्या माईनची दोरी कापली की ती वर येते आणि मग तिला बंदुकीनं उडवायची. चुंबकावर किंवा आवाजावर फुटणारी असेल तर मागं खोटं चुंबक आणि खोटा आवाज ओढायचा, माईनला वाटतं जहाजच आलं. म्हणून तर ही जहाजं लाकडाची नाहीतर फायबरची करतात, लोखंड जेवढं कमी तेवढं बरं. खुरपणीत एकेक वस्तू शोधायची, ओळखायची आणि उपटायची. तुमचं सीफॉक्स हे खुरपं आहे, आणि ते बी एका तणाला एक खुरपं, कारण ते माईनसोबत स्वतःच संपतं. आता पाच एकर रान नुसत्या खुरप्यानं काढायचं म्हणता का?

दुसरं म्हणजे हुशार माईनमधे मोजणी असते. पहिली सात जहाजं जाऊ द्यायची आणि आठव्याला फुटायचं असं लावून ठेवता येतं. तुमची मशीन वरून सात वेळा गेली आणि काही झालं नाही, म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही.

गोदाकाठचा
खलाशी काका, खुरप्याचं उदाहरण आवडलं, पण तेच माझ्या बाजूनं जातं ना. खुरपं हातात धरायला अख्खा ट्रॅक्टर लागत नाही. २००३ मधे इराकच्या उम्म कस्र बंदरात अमेरिकेनं रेमस नावाच्या मशिनी सोडल्या, दोन माणसं उचलून बोटीतून पाण्यात टाकतील एवढ्याच, सोबत शिकवलेले डॉल्फिन आणि पाणबुडे होते, आणि मार्च संपायच्या आत मदतीचं सामान घेऊन ब्रिटिश जहाज धक्क्याला लागलं पण. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याच डीआरडीओच्या विशाखापट्टणमच्या एनएसटीएल लॅबनं नोव्हेंबर २०२५ मधे असंच दोन माणसांनी उचलायच्या मशिनींचं जाहीर केलं, साइड-स्कॅन सोनार, कॅमेरा आणि वस्तू ओळखायचं सॉफ्टवेअर आतमधेच. मग कोस्ट गार्डच्या बोटी, टग, मोठे ट्रॉलर, जे तरंगतंय त्याच्यावरून सोडा की.

बोअर कॅमेरावाला परभणी
मधे बोलतो. माझा धंदा बोअरमधे कॅमेरा सोडायचा. मोटर अडकली, केसिंग फुटलं, खाली झरा आहे का बघायचंय, की लोक मला बोलवतात. वायरच्या टोकाला कॅमेरा, भोवती लाईट, वर टीव्ही. शेतकरी, त्याची बायको, भाऊबंद, सगळे टीव्हीभोवती गोळा होतात जणू मॅच चालूय. आणि दहातल्या चार-पाच वेळा पाण्यात गेल्यावर काय दिसतं माहितीय का? चहा. नुसता दुधाचा चहा. गाळ ढवळला की लाईट उलटा डोळ्यावर येतो, तुम्ही कितीबी महागाचा कॅमेरा लावा. मग मी रात्रभर पाणी निवळू देतो आणि सकाळी परत येतो.

मुंबईच्या खाडीचं पाणी मी बघितलंय, ते तर चहापेक्षा वाईट. आणि तिथं निवळायला वेळ कोण देणार, दिवसातून दोनदा भरती दोनदा ओहोटी. तर कॅमेऱ्यानं ओळखायचं म्हणता ते कसं?

इंजिनीअरिंगचं भूत
दादा म्हणूनच तिथं आधी सोनार वापरतात, कॅमेरा शेवटी एकदम जवळ गेल्यावर. आवाज गढूळ पाण्यातून जातो, उजेड जात नाही. साइड-स्कॅन म्हणजे बाजूला आवाज सोडायचा आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र बनवायचं, वस्तूची मागं सावली पडते त्या सावलीवरून आकार कळतो. माझा फायनल इयर प्रोजेक्ट असल्याच चित्रांवर आहे, मॉडेलला माईन दाखवून शिकवायचं. खरं सांगू का, मॉडेल ड्रमलापण माईन म्हणतं, नांगरालापण म्हणतं, एकदा तर टायरला म्हणालं. 😅 आणि आपल्या किनाऱ्यावर जाळी, ड्रम, तुटके नांगर किती पडलेत त्याला गणती नाही. त्यात माईन चिखलात रुतली तर सावलीच पडत नाही.

आणि एक गोष्ट लोकांना वाटते त्याच्या उलट आहे, पाण्याखाली रेंज नसते. ना जीपीएस ना मोबाईल ना वायफाय. आवाजावरचा मोडेम असतो पण त्याच्यावरून व्हिडिओ पाठवायचा म्हणजे आमच्या गावात पूर्वी टूजीवर पिक्चर डाउनलोड करण्यातला प्रकार. म्हणून एकतर तार पाहिजे, नाहीतर मशीननं स्वतःच अंदाजानं फिरून परत यायचं, मग डेटा काढायचा, मग माणसानं बसून बघायचं.

म्हणून मला वाटतं पैसे जहाजात घालण्यापेक्षा डेटात घाला. शांतता आहे तोवर मुंबई, न्हावाशेवा, मार्मागोवा, कोची, सगळ्या बंदरांच्या वाटेचं बूड दरवर्षी स्कॅन करून ठेवा, मग उद्या नवीन वस्तू दिसली की लगेच कळेल. टेस्टिंगला जायकवाडी आहेच की, संभाजीनगरातल्या वाळूज-शेंद्र्यातले कारखाने पार्ट बनवतील, पोरांना काम मिळेल!

पैठणचा पक्षीमित्र
जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे बाबा. तिथं आवाज सोडणाऱ्या मशिनी घेऊन आलात तर पहिला अर्ज माझा. 😡 आणि गोड्या पाण्यात टेस्ट करून खाऱ्या पाण्याचा काय अंदाज येणार, तरंगणं वेगळं, आवाजाचा वेग वेगळा, भरती-ओहोटीचा ओढा तर नाहीच. पार्ट बनवा वाळूजला, खुशाल बनवा, पण पोहायला समुद्रातच न्या.

उदगीरचा खलाशी
भूतानं बरोबर सांगितलं, बूड आधी स्कॅन करून ठेवायचं काम शांततेतच होतं. पण गोदाकाठचे, अमेरिकेचंच पुढचं सांगायचं राहिलं तुमचं. त्यांनी ठरवलं की माईन काढणारी जुनी लाकडी अव्हेंजर जहाजं काढायची आणि नवीन वेगवान जहाजांवर मशिनींचा संच लावायचा. त्यातली एक मुख्य पाण्याखालची मशीन इतकी बंद पडायची की २०१६ ला तो प्रकल्पच सोडून द्यावा लागला. पूर्ण संच तयार आहे असं जाहीर करायला २०२३ उजाडलं, आणि बहारीनमधली शेवटची अव्हेंजर जहाजं निवृत्त झाली सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे एवढा पैसा असून जुनं सोडायला त्यांना इतका वेळ लागला, आपण तर नवीन यायच्या आधीच जुनं भंगारात काढून बसलोय.

आणि टग-ट्रॉलरवरून सोडा म्हणता, सोडता येतं, पण पावसाळ्यात अरबी समुद्रात कधी ट्रॉलरवर उभं राहिलात का. मशीन पाण्यात टाकणं सोपं, खवळलेल्या पाण्यातून परत उचलणं अवघड. त्याला क्रेन पाहिजे, बॅटरी चार्जिंग पाहिजे, दहा-बारा मशिनी पाहिजेत म्हणजे त्यातल्या सहा चालू सापडतील, दुरुस्तीला माणूस पाहिजे, सोनार बघणारे पाळीनं झोपायला पाहिजेत. एवढं सगळं जमा केलं की त्याला जहाजच म्हणतात.

गोदाकाठचा
हे मात्र मान्य. बेल्जियम आणि नेदरलँडनं पण शेवटी जहाजंच घेतली, २०१९ ला करार, दोघांची मिळून १२, फक्त ती जहाजं स्वतः माईनच्या पट्ट्यात जात नाहीत, लांब थांबून मशिनी पाठवतात. मी मोठं जहाजच नको म्हणालो ते थोडं जास्तच झालं. पण माझा मुद्दा वेळेचा आहे. १९८८ ला इराणच्या ज्या माईननं अमेरिकेच्या सॅम्युएल बी. रॉबर्ट्स जहाजाचा कणा मोडला तिचं डिझाइन १९०८ चं रशियन होतं. माईनची किंमत हजार-दीड हजार डॉलर, दुरुस्ती नऊ कोटी डॉलरच्या घरात. एवढ्या स्वस्तातलं हत्यार कुणीपण मासेमारीच्या होडीतून टाकू शकतं. ते आपली जहाजं २०३० नंतर कधीतरी यायची वाट बघणार आहे का?

वकीलसाहेब नांदेड
मला एक भीती वाटते ती कुणी बोलेना. तार असलेल्या मशीनला शेवटचं बटण माणूस दाबतो. तार काढली आणि मशीननंच ओळखून मशीननंच उडवायचं म्हटलं, तर वर भूत म्हणाला तसं टायरला माईन समजून उडवलं तर ठीक, पण इंटरनेटची केबल किंवा तेलाची लाईन उडवली तर? मुंबई हायच्या भोवती पाइपांचं जाळं आहे. शोधायला मोकळी सोडा, फोडायला नको.

उदगीरचा खलाशी
वकीलसाहेब, सहमत, आणि नौदलातलं कुणीही तुम्हाला हेच सांगेल.

गोदाकाठचे, घाई पाहिजे हे मला पण पटतं. २०२५ च्या मे मधे आपल्याच नौदलानं डीआरडीओची नवीन बुडाला बसणारी माईन तपासली, म्हणजे माईन टाकायची तयारी चालू आहे आणि काढायची मागं. पण तुमच्या मामांच्या गोष्टीत आणि समुद्रात एक फरक आहे तो बघा. मामांना भोकं अकरा आहेत हे माहीत होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचं वोल्फ नावाचं जहाज, वरून साधं व्यापारी दिसायचं, त्यानं फेब्रुवारी १९१७ मधे मुंबईच्या बाहेर माईन पेरल्या. जूनमधे मंगोलिया ही प्रवासी बोट त्यातल्या एकीवर गेली आणि बुडाली. मधल्या चार महिन्यांत किती जहाजं त्याच पाण्यातून गेली असतील. आपण शंभर माईन काढल्या आणि टाकणाऱ्यानं एकशे एक टाकल्या असतील तर? मशीन तुम्हाला सापडलेलं दाखवते. वाट मोकळी आहे अशा कागदावर सही कुणाची?

गोदाकाठचा
काका, रात्री मामांना फोन लावला. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, गुडघे गेलेत, पण सुरुंगाचा विषय काढला की उठून बसतात. परभणीच्या भाऊंसारखा कॅमेरा तेव्हा असता तर काय केलं असतं विचारलं. म्हणले, "आधी तोच सोडला असता की, मी काय येडा हाय का उतरायला." मग थोडं थांबून म्हणले, "पर गड्यास्नी खाली जा म्हणायच्या आधी एकडाव मी जाऊन आलोच असतो."

म्हणजे तुम्ही पण बरोबर आणि मी पण. तरी माझं मत बदललं नाही, कॅमेरा आधी घ्या.

बोअर कॅमेरावाला परभणी
मामांचा अनुभव भारी. आमच्या चुलत्याची विहीर अर्धी राहिलीय, खाली काळा पाषाण लागलाय, अंबाजोगाईकडं अजून कुणी चांगला ब्लास्टिंगवाला असेल तर सांगा राव.