बोटीचा ट्रेलर चढावर मागे जात नाही. शनिवारपूर्वी पाच पिनांची जोडणी हवी आहे

प्रेषक: भाऊ (सीडर पार्क)

सर्वांस सप्रेम नमस्कार,

बोट घरी आली आहे, परंतु अजून रस्त्याच्या कडेलाच उभी आहे. आमचा ड्राइव्हवे चढाचा आहे आणि गाडी रिव्हर्समध्ये घेऊन ट्रेलर वर ढकलू लागलो की ट्रेलरची चाके जागच्या जागी आवळली जातात. ट्रेलरला सर्ज ब्रेक (ट्रेलरच्या स्वतःच्या रेट्याने लागणारे) आहेत, तेही डिस्कचे, आणि त्याची वायर पाच पिनांची आहे. माझ्या गाडीला मात्र चारच पिनांचे सॉकेट आहे. एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघाचे) पत्र येऊन पडले आहे आणि शनिवारी पहाटे लेक ट्रॅव्हिस या ऑस्टिनजवळच्या तलावावर जाण्याचे ठरले आहे. कोणाकडे चार पिनांची पाच करणारी जोडणी (अडॅप्टर) असल्यास कृपया कळवावे.

---

प्रेषक: साहित्यप्रमुख

भाऊंस नमस्कार. मंडळाच्या ट्रेलरच्या पेटीतील जोडणी कृपया कोणी मागू नये. मखर आणायच्या सकाळी ती कोणाच्या गॅरेजमध्ये सापडली हे सर्वांच्या स्मरणात असेलच. शिवाय ती सात पिनांची चार पिनांत उतरवणारी असल्याने भाऊंना तिचा काडीचाही उपयोग नाही.

---

प्रेषक: अण्णा (राउंड रॉक)

भाऊ, नुसती जोडणी विकत आणून काम होणार नाही, हे आधी लक्षात घ्या. सर्ज ब्रेकला गाडीकडून ब्रेकचा कोणताही संदेश जात नाही. गाडी मंदावली की ट्रेलर आपल्या वजनाने पुढे रेटतो, कपलर (ट्रेलरचा गाडीला अडकवायचा पुढचा भाग) मागे सरकतो, आतला मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि द्रवाचा दाब चाकांपर्यंत पोहोचतो. चढावर रिव्हर्स घेताना कपलर अगदी तसाच दाबला जातो. गाडी मंदावते आहे की ट्रेलर मागे ढकलते आहे, हा भेद त्या यंत्रणेला कळत नाही. म्हणून डिस्क ब्रेकच्या ट्रेलरवर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बसवलेला असतो. गाडीच्या रिव्हर्सच्या दिव्याचे १२ व्होल्ट पाचव्या, बहुधा निळ्या, वायरीतून त्याला मिळाले की तो द्रवाची वाट अडवतो आणि चाके मोकळी राहतात. बाजारातल्या जोडणीची पाचवी वायर सुटीच असते. ती रिव्हर्सच्या दिव्याला नेऊन जोडली नाही, तर पैसे पाण्यात. जुन्या ड्रम ब्रेकवाल्यांना हा त्रास होत नाही, कारण त्यातील बऱ्याचशा ब्रेकची रचनाच अशी असते की चाक उलटे फिरू लागताच पकड सुटते.

---

प्रेषक: डॉक्टर

अण्णांचे विवेचन वाचून आनंद झाला, परंतु एवढ्या खटाटोपाची गरज मला दिसत नाही. कपलरच्या बाजूला खाच असते. तिच्यात ट्रेलरबरोबर मिळालेली लोखंडी पिन घातली की कपलर सरकतच नाही आणि रिव्हर्स निर्वेध होतो. मी लेक फोर्कपर्यंत बोट नेतो आणि वायरीला कधी हात लावलेला नाही. खरे सांगायचे तर मी ती पिन पुष्कळदा काढतही नाही, कारण माझा पिकअप मोठा आहे आणि त्याचे स्वतःचे ब्रेक मला पुरतात.

---

प्रेषक: वहिनी (लिअँडर)

डॉक्टरसाहेब, पिन न काढण्याचा सल्ला या यादीवर देऊ नये, अशी नम्र विनंती आहे. पिन आत असेपर्यंत ट्रेलरला ब्रेक नाहीत. आरएम २२२२ या वळणावळणाच्या रस्त्याच्या उतारावर, वळणात, पुढची गाडी एकाएकी थांबली की ट्रेलरचा सगळा रेटा गाडीच्या मागच्या बाजूवर येतो आणि ट्रेलर तिला बाजूला ढकलू पाहतो. एकूण वजन ४,५०० पौंडांच्या वर असेल, तर टेक्ससच्या कायद्यानुसार ट्रेलरला ब्रेक असावेच लागतात, आणि विसफुटी बोटीचा आकडा त्या रेषेच्या आसपासच येतो. विक्रेत्याच्या कागदावरचे वजन बहुधा कोरड्या बोटीचे असते. पेट्रोलच गॅलनमागे सुमारे ६ पौंड भरते, म्हणजे ४५ गॅलनची टाकी भरली की २७० पौंड तिथेच वाढले, त्यात ३६ व्होल्टच्या ट्रोलिंग मोटरसाठी (मासेमारीच्या वेळी बोट हळू चालवणारी विजेची मोटर) १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणि शिवाय इंजिनाची एक. आमच्या घरी या विषयावर पुष्कळ दिवस वाद चालला होता. शेवटी ह्यांनी बोट ट्रकथांब्यावरच्या काट्यावर नेली आणि वाद मिटला. भाऊंची टोयोटा हायलँडर हायब्रिड असेल, तर तिची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंडच आहे, आणि मग प्रश्न पिनांचा उरतच नाही.

---

प्रेषक: भाऊ

वहिनी, गाडी साधी पेट्रोलची, ५,००० पौंडांची आहे. बोट मात्र काट्यावर अजून घातलेली नाही, बुधवारी घालतो.

---

प्रेषक: तात्या (फ्लुगरव्हिल)

अण्णा, रिव्हर्सच्या दिव्याची वायर थेट कापून तिला सोलेनॉइड जोडण्यास माझा विरोध आहे. आजच्या गाड्यांत ते दिवे संगणकाच्या ताब्यात असतात, आणि त्यांच्या बारीक वायरीवर सोलेनॉइडचा भार टाकला, तर फ्यूज उडेल किंवा संगणक दिव्यात बिघाड असल्याची खूण दाखवील. मधे रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घालावा: दिव्याची वायर फक्त रिलेला इशारा देईल आणि सोलेनॉइडचा प्रवाह वेगळा फ्यूज घालून थेट बॅटरीकडून येईल. खर्च फार नाही. वेळ लागतो तो वायर गाडीखालून नीट बांधून मागे नेण्यात.

---

प्रेषक: अण्णा

तात्या, "थेट कापून" असे मी कोठेही लिहिलेले नाही. रिले घालण्यास माझी हरकत नाही.

---

प्रेषक: सहल समिती

शनिवारची भाऊंची फेरी ही मंडळाची सहल नव्हे, हे कृपया सर्वांनी ध्यानात घ्यावे. मंडळाच्या विम्यात बोट येत नाही आणि सहलींचे वेळापत्रक समितीच ठरवते. तरीही जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. १३ वर्षांखालील मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. लेक ट्रॅव्हिसमध्ये २०१७ सालापासून झेब्रा शिंपले (बोटीतल्या पाण्याबरोबर दुसऱ्या तलावांत पसरणारी उपद्रवी जात) आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी लाइव्हवेल (जिवंत मासे ठेवण्याची टाकी) आणि तळ यांतील सर्व पाणी काढूनच बोट रस्त्यावर आणावी.

---

प्रेषक: नाना (सांगलीकर)

इतक्या पत्रांत एक गोष्ट कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. बोट पाण्यात सोडण्याच्या रॅम्पवर भाऊंना ही अडचण बहुधा येणारच नाही. तेथे उतार पाण्याकडे असतो, ट्रेलर आपल्या वजनाने मागे जातो आणि गाडी त्याला धरून ठेवते. कपलर दाबला जात नाही, उलट ताणला जातो. ब्रेक आवळले जातात ते घरच्या चढावर. तेव्हा शनिवारसाठी घाबरून काही विकत घेऊ नये. ट्रेलर वळवण्याविषयी म्हणाल, तर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात मागे घेणारे लोक मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्या मानाने एक ट्रेलर ही किरकोळ बाब आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला ठेवावा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्यावा आणि तो फार वळला की मागे ढकलत न बसता गाडी पुढे घेऊन सरळ करावी.

---

प्रेषक: वहिनी

नानांचे म्हणणे रॅम्पपुरते बरोबर आहे, पण भाऊ, परतल्यावर तोच ड्राइव्हवे आहे. आणि बोटीत बसल्यावर इंजिनाच्या किल-स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला अडकवा. २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून ती देशभर सक्तीची आहे.

---

प्रेषक: भाऊ

सर्वांचे आभार. आज डॉक्टरसाहेबांच्या पद्धतीने पिन घालून बोट ड्राइव्हवेवर चढवली आणि पिन लगेच काढून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली, म्हणजे ती कपलरमध्ये विसरून राहणार नाही. बुधवारी काटा. गुरुवारी संध्याकाळी तात्यांच्या गॅरेजमध्ये रिले बसवू. अण्णा, आपल्याकडे दिवे तपासण्याचा टेस्टर आहे, तो घेऊन यावे. तात्या, सोलेनॉइडची पुस्तिका पूर्वीच्या मालकाकडे मागितली आहे; ती मिळाली नाही, तर प्रवाह आपणच मोजून मग फ्यूज निवडावा लागेल, तेव्हा दोन-तीन आकाराचे फ्यूज जवळ असू द्यावेत.

---

प्रेषक: तात्या

फ्यूज आहेत. वायर मात्र जाड आणा, आणि सांधे पाण्यात बुडणार आहेत हे धरून आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी आणा. चिकटपट्टी चालणार नाही. सहा वाजता या, उजेड असेपर्यंत गाडीखालचे काम उरकू.