नागपूरला बदली झाली की डोळे झाकून धरमपेठ? मला अजिबात पटत नाही

नंदनवनची सून:
मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा परिसर) नोकरी लागलेल्या सांगलीच्या एका मुलाने परवा इथे विचारलं होतं, "नागपुरात भाड्याने घर कुठे पाहू? आई सोबत राहील." त्याला एका काकांनी दोन ओळींत वाटेला लावलं: "धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर. बाकी नागपूर सामान आणायला जायचं, राहायला नाही."

तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलं आहे. मी अकोल्याची, लग्न होऊन इथे पूर्वेकडच्या नंदनवनला आली त्याला आता चौदा वर्षं झाली. काका, ते "बाकी नागपूर" म्हणजे आम्हीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की इथे घर पाहताना मोहल्ल्याचं नाव मागून विचारा, आधी पाणी विचारा. उन्हाळ्यात ते घरात कुठून येतं आणि पावसाळ्यात घरापासून कुठे जातं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आमच्या हॉलमधला कूलर सकाळी काठोकाठ भरला तरी चार वाजता पंप कोरडा खरखरायला लागतो. ताट्या (कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या) सुकल्या की तोच कूलर भट्टीसारखी हवा फेकतो. मग पुन्हा पाइप लावा, पुन्हा टाकी भरा. घरात असे दोन कूलर. जिथे बोअर मार्चमध्येच आटतो तिथे मॉड्युलर किचन काय चाटायचं आहे?

आणि जाणारं पाणी. माझी नणंद अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहत होती, म्हणजे काकांच्या यादीत शोभेल अशाच भागात. २३ सप्टेंबर २०२३ ला काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पहाटे अंधारातच पाणी तिच्या घरात शिरलं. तिच्या सासूबाईंना त्यांनी डायनिंग टेबलवर बसवलं. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा फ्रिज स्वयंपाकघराच्या दारात आडवा येऊन अडकला होता आणि दिवाणातला लग्नाचा अल्बम फुगून वहीएवढ्याचा उशीएवढा झाला होता. त्या पोराला हे कोणी सांगितलं का?

लक्ष्मीनगर १९७८:
तो दोन ओळींचा सल्ला माझाच होता, त्यामुळे उत्तर देतो. सूनबाई, तुमच्या नणंदेचं वाईट वाटलं. पण एका रात्रीवरून अख्ख्या पश्चिम नागपूरला बदनाम करू नका. माझ्या वडिलांनी इथे घर बांधलं तेव्हा समोर शेत होतं. आज व्हीएनआयटी हाकेच्या अंतरावर, चांगले दवाखाने दहा मिनिटांत, सकाळी अंबाझरीला फिरणं. मुलगा आईला घेऊन येतो आहे, तिला हेच लागणार. तुमच्याकडे उन्हाळ्यात भांडेवाडीच्या कचऱ्याला आग लागली की धूर कुठपर्यंत येतो, ते लिहायचं राहिलं वाटतं.

नंदनवनची सून:
धूर येतो. वाठोड्याला जास्त, वारा फिरला की आमच्यापर्यंतही येतो, आणि त्या दिवशी आम्ही खिडक्या बंद करून बसतो. मी ते लपवत नाही. पण दवाखान्याचं म्हणाल तर मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आम्हाला जास्त जवळ आहे. माझ्या सासऱ्यांना रात्री दोनला छातीत दुखलं तेव्हा ऑटोने नऊ मिनिटांत पोचलो. किराणा इतवारीतून ठोक भावाने येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक पाहायला तुमच्याकडची माणसं आमच्याच बाजूला येतात न, मग राहायला काय झालं?

बेसा, पाचवा मजला:
दोघेही जुन्या नागपुरातच भांडून राहिले. पोराची नोकरी मिहानला आहे! नंदनवनहून रोज मिहान म्हणजे अख्खं शहर ओलांडणं आहे. बेसा-बेलतरोडीहून मी गाडीने वीस मिनिटांत ऑफिसला असतो. नवीन इमारत, लिफ्ट, पार्किंग. आईला जिने चढायला नकोत.

नंदनवनची सून:
आणि पाणी?

बेसा, पाचवा मजला:
टँकर. मार्चपासून जूनपर्यंत. सोसायटीचा मेंटेनन्स त्या चार महिन्यांत वाढतो. ठीक आहे, तेवढा मुद्दा तुमचा. पण दर वर्षी पाइपलाइन पुढे सरकते आहे आणि मी विकत घेतलं तेव्हाच हे गृहीत धरलं होतं.

कागद पाहणारी:
विकत घेणाऱ्यांनी बेसा, पिपळा, हुडकेश्वरकडे आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर), मंजूर नकाशा आणि अकृषक आदेश पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली, म्हणून "होऊन जाईल नियमित" असं दलाल छातीठोक सांगतात. होईपर्यंत बँक कर्ज देत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे.

बेसा, पाचवा मजला:
त्याला भाड्याने पाहिजे आहे, ताई. आरएल काय करायचं त्याला?

रिटायर ओव्हरसियर:
सगळं वाचलं. पाण्याचा मुद्दा सूनबाईंनी बरोबर मांडला, पण मूळ सांगितलं नाही. मूळ सिमेंट रोडमध्ये आहे. मी तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली, म्हणून बोलतो.

सिमेंट रोड म्हणजे खाली सहा इंचाचं ड्राय लीन काँक्रीट (कमी सिमेंटचा कोरडा थर), वर आठ-दहा इंचाचा स्लॅब. जुना डांबरी रस्ता खोदून तेवढी खोली काढायची आणि मग ओतायचं, असा नियमही आहे आणि साधी अक्कलही. खोदाई वाचवली की रस्ता फूट-सव्वा फूट वर येतो. माझ्या स्वतःच्या घराला १९९१ मध्ये रस्त्यापासून तीन पायऱ्या चढून ओटा होता. आज मी फाटक उघडून एक पायरी खाली उतरतो. घर तिथेच आहे, रस्ताच वर आला. उरलेल्या जागेत गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवले, म्हणजे मुरायला माती राहिली नाही. पहिल्या मोठ्या सरीला माझं अंगण म्हणजे रस्त्याची नाली. पूर्व-पश्चिम कशाला करता? ओट्याच्या पायऱ्या मोजा.

लक्ष्मीनगर १९७८:
हे मात्र आमच्या लाइनीतही झालं आहे. शेजाऱ्यांनी दारात दीड फुटाची भिंत बांधली, आता पाहुणे ती ओलांडून आत येतात.

मानेवाडा रिंगरोड:
एक मिनिट. डांबरी रस्ते होते तेव्हा दर ऑगस्टला खड्ड्यात कोण पडत होतं? माझा खांदा २०१४ ला असाच निखळला आहे. आज पाऊस थांबला की मी साठच्या स्पीडने घरी येतो. तुमच्या ओट्यासाठी आम्ही हातपाय मोडून घ्यायचे का?

रिटायर ओव्हरसियर:
सिमेंटला माझा विरोध असल्याचं मी कुठे लिहिलं? वाचून तरी बोला. खोदून करा, पातळी धरून करा, बाजूची पावसाळी नाली आधी करा. इथे नालीचं चेंबर रस्त्यापेक्षा खाली राहते आणि घराचं फाटक त्याहून खाली. पाणी कोणाकडे जाणार?

मानेवाडा रिंगरोड:
तुम्ही नोकरीत होते तेव्हा काहून नाही बोलले हे?

रिटायर ओव्हरसियर:
बोललो. दोन वेळा मोजमाप पुस्तकात पातळ्या लिहून वर पाठवल्या. दुसऱ्या वेळेला माझी साइट बदलली. यापुढे मला कोणी ते विचारू नये.

इतवारीतली मुलगी:
सीए रोडच्या (सेंट्रल अव्हेन्यू) आतल्या गल्ल्यांत तर आजीच्या घराचा उंबरा आता रस्त्याच्या खाली आहे. दर पावसाळ्यात पीठ गिरणीवाल्यांकडच्या गोण्या आडव्या लावतो. सव्वाशे वर्षांचं लाकडी घर, खालच्या खांबांना ओल लागली. कुठे तक्रार करायची ते तरी सांगा. आम्ही चार ठिकाणी कागद देऊन बसलो.

बेसा, पाचवा मजला:
धागा कशाचा होता, आठवतं का कोणाला? आणि नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसात पाणी भरतं तेव्हा ओट्याच्या पायऱ्या मोजून उपयोग नाही. घर कोरडं आणि तुम्ही पुलाच्या पलीकडे अडकलेले. रस्ताही पाहावा लागतो.

लक्ष्मीनगर १९७८:
अंडरपासचं खरं आहे. पण सूनबाईंना एक विचारतो. नागनदी अंबाझरीतून येते आणि जगनाडे चौक, नंदनवन करत पुढे तुमच्याच बाजूला जाते. मग पूर बरा फक्त आमच्याकडेच आला?

नंदनवनची सून:
नदी आमच्याकडून जाते, मान्य. नदीकाठच्या गल्ल्यांत मीही कोणाला घर घेऊ देणार नाही, आणि हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. पण तुमच्याकडे ती का घुसली, हे तुम्हालाही माहीत आहे. पात्र आक्रसलं, ओव्हरफ्लोच्या तोंडासमोर बांधकाम झालं. हे मी म्हणत नाही, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आहे. दीडशे वर्षांचा तलाव, त्याचा काय दोष?

सांगलीचा पोरगा:
नमस्कार. प्रश्न माझाच होता. सगळं तीनदा वाचलं.

मी २०१९ चा कृष्णेचा पूर घरात बसून बघितलाय. आमच्यात आयर्विन पुलाची पातळी बघत माणसं रात्र काढतात. कोयनेतून विसर्ग वाढला की सामान माळ्यावर चढवायला निदान वेळ तरी मिळतो. तुमच्याकडं पहाटे झोपेत पाणी येतं हे वाचून आईच म्हणाली, आधी भिंती बघ.

शनिवार-रविवार सहा घरं बघितली. एका चांगल्या भागातलं तळमजल्याचं घर आईला लगेच आवडलं, तिच्या गुडघ्यांमुळं जिना नको होता. नवा रंग, नवी फरशी. बेडरूममधलं लोखंडी कपाट मी थोडं पुढं ओढलं. मागं रंग पोचलाच नव्हता. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ, एकदम सरळ, आणि तिच्याखाली प्लास्टर हात लावला की भुसभुशीत. घरमालक म्हणाले साधी ओल आहे. ओल अशी पट्टी लावल्यासारखी येत नाही, हे आम्हाला सांगायला नको. आईनं चप्पल घातली आणि बाहेर आली.

काकांचा राग नाही, पण ते घर तुमच्याच यादीतलं होतं.

लक्ष्मीनगर १९७८:
यादी देताना तळमजला टाळ, असं लिहायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं. भाग वाईट आहे हे मी अजूनही मानत नाही.

सांगलीचा पोरगा:
बेसाचा फ्लॅटही बघितला. लिफ्ट आहे, हवा आहे, पण खाली टँकर उभा होता आणि दोन बायका वॉचमनशी त्याच्यावरूनच भांडत होत्या. नंदनवनचं घर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्वस्त होतं, ताई. रोज मिहानला जाऊन येणं मात्र जमणार नाही.

शेवटी जयप्रकाशनगरच्या मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर एक घर ठरतंय. खापरीला उतरून पुढं कंपनीची बस आहे. तळमजलाच आहे, पण कपाटं ओढून बघितली, भिंती स्वच्छ. नळाला सकाळी दोन तास पाणी, वर टाकी. शेजारच्या आजींना २३ सप्टेंबरचं विचारलं, त्या म्हणाल्या गल्लीत घोट्याएवढं होतं, घरात नाही.

रिटायर ओव्हरसियर:
ओट्याला पायऱ्या किती?

सांगलीचा पोरगा:
चढायच्या तीन.

रिटायर ओव्हरसियर:
गल्लीचा सिमेंट रोड झाला आहे की व्हायचा आहे?

सांगलीचा पोरगा:
व्हायचा आहे. कोपऱ्यावर गिट्टी पडली आहे.

रिटायर ओव्हरसियर:
मग थांब. ठेकेदाराचा माणूस आला की खोदाई किती आहे ते विचार. मालकालाही सोबत उभं कर. नाही जमलं तर मला फोटो पाठव, मी येतो पातळी पाहायला.

नंदनवनची सून:
आणि कूलर एप्रिलच्या आधी घेऊन ठेव रे बाबा. ताट्या खसाच्या घे.