मदत हवी आहे: साइटवर रेझिलियन्स (अनपेक्षित अडचण आली तरी काम चालू ठेवण्याची क्षमता) कशी तपासायची?

फ्लायओव्हरच्या कामाचं प्लॅनिंग बघतो, बरेच सबकॉन्ट्रॅक्टर आहेत, एकाचं अडकलं की पुढच्या तिघांचं लटकतं. रिस्क रजिस्टर (संभाव्य धोक्यांची यादी) दर आठवड्याला अपडेट करतो, शेड्यूलमध्ये बफर ठेवला तो पहिल्याच पावसात संपला, आणि खोदताना जुनी पाण्याची लाईन निघाली ती तर रजिस्टरमध्ये नव्हतीच. म्हणून रेझिलियन्सचे अभ्यासक एरिक हॉलनागेल यांनी त्यासाठी सांगितलेल्या चार क्षमता वाचल्या, प्रतिसाद देणं, लक्ष ठेवणं, शिकणं आणि पुढचं ओळखणं. मनापासून पटलं, पण या क्षमता तपासायची त्यांची प्रश्नावली मला कायम चालणाऱ्या संस्थांसाठी जास्त सोयीची वाटते, आमची टीम तर काम संपलं की पांगणार. नवीन सॉफ्टवेअर, जादा माणूस मिळणार नाही, हातात फक्त आठवड्याची 1 तासाची मीटिंग आहे. कोणी साइटवर हे वापरलंय का, त्या तासात सबकॉन्ट्रॅक्टरना नेमके कोणते प्रश्न विचारता?