अवमंदनाने आवर्तकाल वाढतो ना? मग माझ्या लंबकाचा कमी का होतोय?

झोका:
वहीत निष्कर्ष काय लिहू तेच कळेना. एक मीटर दोऱ्याला लोखंडी गोळा टांगला, ३० अंशांतून सोडला आणि मोबाइलवर व्हिडिओ घेतला. सुरुवातीच्या दहा आवर्तनांवरून आवर्तकाल (एका पूर्ण हेलकाव्याचा वेळ) आला २.०४ सेकंद. झोका ५ अंशांपर्यंत उतरल्यावर पुन्हा मोजला तर २.०१. पुस्तक म्हणतं अवमंदनाने (हवा, घर्षण यांच्या विरोधाने झोका उतरत जाण्याने) वारंवारता घटते, म्हणजे आवर्तकाल वाढायला हवा. इथे उलटंच. झोका निम्मा व्हायला साधारण ६० आवर्तनं लागतात, हे उपयोगी पडलं तर बघा.

तिरपा_कोन:
स्टॉपवॉच दाबण्यातली गडबड. ०.०३ सेकंद कोण पकडणार!

झोका:
बटण दाबलंच नाही, फ्रेम मोजल्यात. दहा आवर्तनांत ०.३ सेकंदांचा फरक पडतो.

जुना_प्रयोगवाला:
मोजणी चोख आहे, आणि पुस्तकही बरोबर आहे. तुम्ही जे पकडलंय ते अवमंदन नव्हे, एवढंच.

आवर्तकालाचं नेहमीचं सूत्र फक्त लहान कोनांसाठी खरं. कोन मोठा असला की आवर्तकाल साधारण कोनाच्या वर्गाच्या सोळाव्या हिश्श्याने वाढतो (कोन रेडियनमध्ये). ३० अंश म्हणजे ०.५२ रेडियन, वाढ १.७ टक्के, म्हणजे २.०१ चे २.०४. झोका उतरत गेला तशी ही वाढ ओसरली. डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ केलं, त्यालाही हाच फरक छळत होता. पुढे त्याने दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना सायक्लॉइडच्या (फिरत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू आखतो त्या रेषेच्या) आकाराच्या वक्र पट्ट्या बसवल्या, त्या याचसाठी.

आता अवमंदनाचा वाटा किती? तुमचा ६० चा आकडा इथे सोन्यासारखा आहे. झोका निम्मा व्हायला लागणारी आवर्तनं गुणिले ४.५ केलं की क्यू-गुणांक (अवमंदन जितकं कमी तितका हा मोठा) मिळतो: सुमारे २७०. आवर्तकालातली वाढ असते १ भागिले क्यूच्या वर्गाची आठ पट. म्हणजे जवळजवळ सहा लाखांत एक! दोन सेकंदांमागे साडेतीन मायक्रोसेकंद. कोनाचा परिणाम याच्या दहा हजार पट मोठा. मोबाइलच्या व्हिडिओत अवमंदनाचा वाटा दिसणार कुठून?

पुस्तकं इथे घोळ करतात असं माझं मत. 'अवमंदनाने वारंवारता घटते' हे ठळक अक्षरांत छापतात, किती घटते ते सांगत नाहीत. आयाम (झोका मध्यापासून किती दूर जातो ते माप) भराभर खाली येतो, वारंवारता मात्र जागची हलत नाही म्हटलं तरी चालेल. क्यू २ इतका कमी घ्या: दर आवर्तनाला आयामाचा पाचवा हिस्सा उरतो, इतकं जबर अवमंदन, तरी आवर्तकाल वाढतो जेमतेम ३ टक्के.

तिरपा_कोन:
मग अवमंदन आणखी वाढवत नेलं तर? शेवटी दोलनच थांबेल की.

जुना_प्रयोगवाला:
थांबतं. क्यू अर्ध्यावर आला की क्रांतिक अवमंदन. वस्तू हेलकावा न घेता मध्यावर येते, तीही सगळ्यात लवकर. त्यापुढे अवमंदन वाढवलं तर परतायला उलट जास्त वेळ लागतो. दाराचा क्लोजर फार घट्ट केला की दार रेंगाळत बंद होतं, तसं.

आलेखप्रेमी:
एक भर. हे सगळं विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तरच. कोरडं घर्षण असेल (टेबलावर घासत जाणारा स्प्रिंगचा ठोकळा घ्या) तर आयाम दर आवर्तनाला ठरावीक मापाने उतरतो, ठरावीक पटीने नाही. आणि आवर्तकाल मुळीच बदलत नाही.

झोका:
म्हणजे माझ्या लंबकात कोणता विरोध आहे हे आयामावरूनच कळेल?

जुना_प्रयोगवाला:
कळेल. आयामाचा लॉगॅरिदम आवर्तनांच्या संख्येसमोर काढा. सरळ रेषा आली तर विरोध वेगाच्या प्रमाणात. सुरुवातीला उतार जास्त आणि पुढे कमी होत गेला, तर मोठ्या झोक्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतोय असं समजा. गोळ्याच्या बाबतीत मला तेच दिसेल असं वाटतं. आवर्तकालासाठी मात्र ५ अंशांखालचीच मापं घ्या. वहीत ३० अंशांचं मापही राहू द्या, कोनाच्या दुरुस्तीसकट.

झोका:
व्हिडिओ आहेच. दर दहाव्या झोक्याचा कोन काढून आलेख इथे टाकते.